खोली आधी, यंत्र नंतर

पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोलीवर तळघरं आहेत. १७८३ साली लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने तिथे एक अतिशय अचूक तापमापक बसवला. तो वर्षभर जवळजवळ एकच आकडा दाखवत राहिला, बारा अंश सेल्सियसच्या किंचित खाली. वर रस्त्यावर बर्फ असो की ऑगस्टचं ऊन, खाली फरक पडत नव्हता. शॅम्पेन प्रांतात रॅंस आणि एपर्ने या गावांखाली चुनखडीत खोदलेले मैलोन् मैल बोगदे आहेत. तिथेही १० ते १२ अंश असतात आणि लाखो बाटल्या त्या थंडाव्यात वर्षानुवर्षं पडून राहतात.

यामागचं कारण साधं आहे. जमीन उष्णता फार सावकाश वाहून नेते. मीटरभर खाली गेलं की दिवसरात्रीचा फरक संपतो, आणखी खाली गेलं की ऋतूंचाही संपतो. उरते ती त्या गावाच्या हवेची वर्षभराची सरासरी. उत्तर फ्रान्समध्ये ही सरासरी अकरा-बारा अंशांच्या घरात आहे, आणि वाईन मुरवायला बारा ते चौदा अंश लागतात. तिथल्या माणसाला खड्डा खणला की तळघर मिळालं. युरोपात वाईन साठवण्याची जी परंपरा उभी राहिली, ती या योगायोगावर उभी आहे.

आपल्याकडे हा योगायोग नाही. पुणे-नाशिकची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे, मुंबई-नागपूरची २७ च्या. कितीही खोल गेलात तरी याहून गार जमीन लागणार नाही. जुन्या वाड्यांची तळघरं उन्हाळ्यात गार वाटतात ती अंगाला, कारण आपण चाळीस अंशांतून आत आलेलो असतो. तापमापक तिथे पंचवीस-सव्वीसच दाखवतो. उष्ण प्रदेशात वाईनसाठी खोली बांधू पाहणाऱ्याने हे सगळ्यात आधी मनाशी पक्कं करावं. बंगल्याचा पाया खणतानाच तळघर काढून घेऊ म्हणजे काम झालं, असं ठरवून अनेक जण बसतात. तळघर झालं तर उत्तमच, ऋतूंचा चढउतार त्याने बराच कमी होतो. पण २६ वरून १३ वर यायला विजेचं यंत्र लागणारच. आणि यंत्र लागणार असेल, तर खोली जमिनीखाली आहे की वर हा प्रश्न मागे पडतो. भिंत कशी बांधली आहे, हा खरा प्रश्न होतो.

उष्णता वाईनचं नेमकं काय बिघडवते तेही पाहू. बाटलीत बूच बसल्यानंतरही आत रासायनिक क्रिया चालूच असतात. त्या सावकाश चालल्या तर चव मुरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पण सगळ्या क्रिया एकाच प्रमाणात वेग घेत नाहीत, त्यामुळे ३० अंशांत सहा महिने ठेवलेली वाईन ही १३ अंशांत जास्त काळ मुरलेल्या वाईनसारखी लागत नाही. ती शिजल्यासारखी लागते. ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्याचा येतो, पांढरी वाईन तपकिरीकडे झुकते, वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड लवकर संपतो. दुसरा परिणाम यांत्रिक आहे. १५ वरून ३५ अंशांवर गेल्यावर ७५० मिलिलिटर वाईन साडेचार-पाच मिलिलिटरने फुगते. बाटलीच्या अरुंद मानेत हे दीड सेंटिमीटरहून जास्त होतात. बुचावर आतून दाब येतो, बूच किंचित सरकतं, कडेने थेंब झिरपतो. रात्री गार झाल्यावर वाईन आकसते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. हा खेळ रोज चालला की एका उन्हाळ्यात बाटली संपते. म्हणून कायम १८ अंश हे दिवसा २० आणि रात्री १२ यांपेक्षा बरे.

उष्णतेतून वाचणारी एक वाईन आहे, मादेराची. पोर्तुगीज जहाजं ती विषुववृत्त ओलांडून पूर्वेकडे नेत, आणि तळाशी तापत हिंदकळत जाऊन परत आलेली पिंपं चवीला सरस निघाली. तेव्हापासून मादेरा बेटावर वाईन मुद्दाम तापवतात. टाक्यांच्या पद्धतीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांच्या आसपास. पण ती मुळात अर्क मिसळून कडक केलेली वाईन. नाशिकच्या शेनिन ब्लांकला असा प्रवास सोसत नाही.

नाशिकचा उल्लेख आला तर तिथलं वेळापत्रकही पाहू, कारण त्यात आपल्या अडचणीचं मूळ आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे हिवाळा सरता सरता उतरतात. वायनरीत ती स्टीलच्या टाक्यांत पडतात. टाकीच्या दुहेरी कवचातून थंड द्राव खेळवून आंबण्याचं तापमान ताब्यात ठेवलेलं असतं. एवढ्या निगुतीने केलेली वाईन बाटलीत भरली जाते आणि तिच्यापुढे उभा राहतो एप्रिल-मे. दिंडोरीपासून अकलूजपर्यंतच्या बागांत लोक जे जपतात ते आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एका उन्हाळ्यात वाया जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या लेखनामागे तेही एक कारण आहे.

तरीही खोलीच बांधायला हवी असं नाही. बाजारात मिळणारी बरीचशी वाईन, विशेषतः पांढरी आणि रोझे, एक-दोन वर्षांत प्यायची असते. शंभर-दीडशे बाटल्यांपर्यंतचा संग्रह असेल तर वाईनसाठी केलेलं थंड कपाट घ्यावं. ते स्वस्त पडतं आणि घर बदललं तर बरोबर नेता येतं. खोलीचा विचार त्याने करावा ज्याच्याकडे तीनशेच्या वर बाटल्या आहेत, ज्याला लाल वाईन पाच-दहा वर्षं मुरवायची आहे आणि जो त्या घरात राहणार आहे.

आता जागा. पश्चिमेची भिंत टाळा, स्वयंपाकघराला लागून नको, उघड्या गच्चीखाली तर नकोच. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. तळमजल्यावर, घराच्या पोटात, शक्यतो एकही भिंत थेट उन्हाला न लागलेली खोली सगळ्यात चांगली. अडगळीची खोली, जिन्यामागची जागा, देवघराच्या पलीकडची कोठी, यांतून बहुधा निवड होते. वरच्या मजल्यावर करायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, तीनशे बाटल्या आणि मांडणी मिळून चारशे किलोंच्या वर जातात, आणि हे सगळं वजन एका भिंतीलगतच्या एका चौरस मीटरवर येतं. घराचा स्लॅब साधारण दोनशे किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरून काढलेला असतो.

यानंतर भिंत. ८ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ८ फूट उंच खोली घेऊ. आत १३ अंश, सभोवार ३८ अंश. भिंती, छत आणि जमीन मिळून साडेतीनशे चौरस फूट पृष्ठभाग होतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची वीटभिंत सगळीकडे आहे असं धरलं, तर या खोलीत सतत सुमारे १६०० वॉट उष्णता शिरते. त्याच भिंतींना आतून १०० मिलिमीटर जाडीचं एक्सपीएस लावलं तर हा आकडा सव्वादोनशेवर येतो. यंत्राने एका युनिटमागे दोन युनिट उष्णता बाहेर टाकली असं मानलं, तर दिवसाचा वीजवापर पहिल्या खोलीत १९-२० युनिट आणि दुसऱ्या खोलीत जेमतेम तीन. पहिल्या खोलीतलं यंत्र कधी थांबतच नाही, आणि न थांबणारं यंत्र लवकर मरतं. म्हणून खर्चाची वाटणी करताना माझा आग्रह असा की पैसे आधी भिंतीत घाला.

एक्सपीएस म्हणजे दाबून केलेला, पाणी न पिणारा फोम. साधा पांढरा थर्माकोल स्वस्त, पण तो ओलावा धरतो. पफ, म्हणजे पॉलियुरेथेन, या दोन्हींपेक्षा उष्णता चांगली अडवतो आणि दोन्ही बाजूंना पत्रा असलेले त्याचे तयार पॅनल मिळतात. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या वाचकाला इथे मोठा फायदा आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी त्या भागात प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज उभारणारे अनुभवी कारागीर आहेत. शून्याजवळ खोली कशी ठेवायची हे ज्यांना येतं त्यांना तेरा अंशांची खोली अवघड नाही. इंटिरियर करणाऱ्याकडे जाण्याआधी अशा माणसाला जागा दाखवा.

पण उष्णता हा अर्धाच शत्रू. दुसरा अर्धा डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेक घरगुती तळघरं त्याच्यामुळे बिघडतात. तो म्हणजे हवेतली वाफ.

जुलैतल्या मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा घ्या: ३० अंश, ८० टक्के आर्द्रता. तिच्या एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅम पाणी असतं. १३ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आपल्या खोलीत ते सात ग्रॅमच असतं. निसर्ग हा फरक मिटवायला बघतो. वाफ वीट, गिलावा आणि सांध्यांतून गार बाजूकडे सरकत राहते. त्या हवेचा दवबिंदू २६ अंश आहे, म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. हा पृष्ठभाग भिंतीच्या आत कुठेतरी असतो. बाहेरून भिंत कोरडी दिसते, आतून वाईन गार असते, आणि मधल्या थरात दोन पावसाळे पाणी साचत राहतं. प्लायवूड फुगतं, बुरशी धरते, ओला झालेला फोम उष्णता अडवेनासा होतो आणि एक दिवस यंत्र पुरं पडत नाही. दोष यंत्राला दिला जातो.

विदर्भात हवा कोरडी, तिथे ही भीती नाही असं वाटेल. हिशेब वेगळं सांगतो. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे १२ ग्रॅम पाणी असतं, आपल्या खोलीपेक्षा तरीही बरंच जास्त. वाफेचा ओघ तिथेही बाहेरून आतच असतो, फक्त जोर कमी. आणि नागपूरला पावसाळा येतोच. कूलरबद्दलही इथेच सांगतो. ४३ अंशांच्या त्या कोरड्या हवेला पाण्याने कितीही गार केलं तरी २५ अंशांच्या आसपासच्या मर्यादेखाली ती उतरत नाही, आणि वर खोली दमट होते. स्पेनमधल्या हेरेझच्या बोदेगांत, म्हणजे वाईनच्या कोठारांत, उंच छत, जाड भिंती आणि मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडून काम भागतं. पण तिथे अटलांटिकचा गार वारा येतो आणि तिथल्या शेरी या वाईनला तेरा अंश लागतही नाहीत.

वाफेवर उपाय एकच, वाफ न जाऊ देणारा अखंड थर, आणि तो गरम बाजूला. थंड देशांतल्या घरांत घर आतून गरम असतं, त्यामुळे तिथे हा थर आतल्या बाजूला येतो. परदेशी आराखडा तसाच उचलणाऱ्या मिस्त्रीकडून इथे घात होतो. आपल्या खोलीत बाहेरून आत असा क्रम हवा: वीट, गिलावा, त्यावर वाफरोधक थर, मग फोमचे दोन थर, आणि सगळ्यात आत सिमेंट बोर्ड किंवा पाणी सोसणारा कुठलाही पत्रा. वाफरोधक थरासाठी २०० मायक्रॉनची पॉलिथिन शीट चालते. जोड एकमेकांवर वीतभर चढवून चांगल्या टेपने बंद करायचे. फोमचे दोन थर लावताना वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. हीच रचना छतावर आणि जमिनीवरही हवी, सहाही बाजूंनी. जमीन लोक विसरतात. जमीन २६ अंशांची आहे आणि पावसाळ्यात ओली आहे, म्हणून फरशीखाली शीट आणि एक्सपीएस घालावंच लागतं. वायर किंवा नळी जिथे आत शिरते तिथली फट फोमने आणि सीलंटने बुजवा. एक उघडी राहिलेली फट सगळ्या थरावर पाणी फिरवते.

आपल्या शेतकऱ्याची कांदाचाळ याच्या अगदी उलट तत्त्वावर चालते. तिथे खालून, बाजूंनी वारा खेळला तर कांदा टिकतो. वाईनच्या खोलीत वारा खेळला तर सगळं बिघडतं. गवंड्याला हे आधीच समजावून सांगा, कारण खोलीला झरोका ठेवणं त्याच्या हातातच बसलेलं असतं.

दार या सगळ्यात दुबळं. आजकाल काचेच्या दाराची हौस फार आहे. ७ फूट बाय ३ फूट एकेरी काचेतून वरच्याच हिशेबाने पावणेतीनशे वॉट उष्णता येते, म्हणजे नीट बांधलेल्या उरलेल्या सगळ्या खोलीतून येते त्याहून अधिक. पावसाळ्यात अशा काचेवरून बाहेरच्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहतात. दुहेरी काच उष्णता निम्म्यावर आणते, पण कोकणातल्या दमट दिवसांत बाहेरच्या खोलीत एसी नसेल तर तिलाही घाम सुटतो. माझं मत स्पष्ट आहे: उष्ण प्रदेशात भरीव, आत फोम भरलेलं दार लावावं, चारही बाजूंनी रबरी पट्टी असावी आणि खाली उंबरठा असावा. घरातून उंबरठे गेले, इथे तो परत आणायला हवा, कारण गार हवा जड असते आणि दाराखालच्या फटीतून पहिल्यांदा तीच निसटते. उजेडही वाईनला मानवत नाही, विशेषतः रंगहीन काचेच्या बाटलीतल्या वाईनला. तिला कोबीसारखा वास येऊ लागतो. मंद एलईडी दिवा आणि दार लावल्यावर पूर्ण अंधार, एवढं पुरे.

आता कुठे यंत्राची पाळी. साधा स्प्लिट एसी सहसा १६ अंशांखाली लावता येत नाही. थर्मोस्टॅटला फसवून तो खाली नेला तर त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. शिवाय त्याची कॉइल मुळातच फार गार चालते, त्यामुळे हवा कोरडी होते आणि बुचं आकसतात. वाईनच्या यंत्रात कॉइल मोठी आणि कमी गार असते, म्हणून आर्द्रता ५५ ते ७० टक्क्यांत राहू शकते. यंत्र घेताना दोन गोष्टी विचारा. बाहेरची हवा किती अंशांपर्यंत असताना ते पूर्ण ताकदीने चालतं? युरोपातल्या हवेसाठी केलेलं मॉडेल ४३ अंशांत दम टाकतं. आणि खोलीतून काढलेली उष्णता ते कुठे टाकतं? भिंतीतून शेजारच्या बंद खोलीत टाकणारं यंत्र ती खोली तापवतं आणि मग स्वतःच गुदमरतं. बाहेर, सावलीत, मोकळ्या हवेत कंडेन्सर असलेली रचना आपल्याकडे बरी. हिशेबाने आलेल्या उष्णतेच्या दीडपट क्षमता घ्यावी, चौपट नको. फार मोठं यंत्र क्षणात गार करून बंद पडतं आणि आर्द्रता डोलत राहते. तापमानाबाबतही हट्ट नको. पाच-सहा वर्षांत प्यायच्या वाईनसाठी १५-१६ अंश स्थिर ठेवले तरी चालतं, आणि वीज व घाम दोन्ही कमी होतात.

वीज जाण्याची चिंता मात्र भिंत नीट असेल तर फारशी नको. भरलेल्या तीनशे बाटल्यांत सव्वादोनशे लिटर द्रव आहे. तो तापायला वेळ लागतो. वरच्या खोलीत, बाहेर ३८ अंश असताना चार तास वीज गेली, तर वाईन फार तर तीन अंश चढेल. अर्धी रिकामी खोली याच्या दुप्पट वेगाने तापते. रोज भारनियमन असलेल्या गावात मोकळ्या खणांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात.

मांडणीबद्दल थोडक्यात. बूच असलेली बाटली आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभीही चालते. लाकूड वापरणार असाल तर वाळवीचा उपाय खोली बांधतानाच करा, नंतर आत औषध फवारू नका. क्लोरीन असलेली लाकूड-रसायनं आणि ब्लीचिंग पावडर या खोलीत आणूच नका. बुरशी त्यांच्यापासून असं संयुग बनवते की त्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास वाईनमध्ये उतरतो, आणि तो कशानेही जात नाही. रंग आणि व्हार्निशचा वास पुरता जाईपर्यंत एकही बाटली आत ठेवू नये.

कायद्याचाही विचार आधी व्हावा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे मद्य बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यावर मर्यादा असते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदी आहे. गोव्याचे नियम वेगळे आहेत. खोलीचा आराखडा काढण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन तुमच्या संग्रहाला काय लागू पडतं ते लेखी समजून घ्या.

आणि सुरुवात खर्चाने करू नका. निवडलेल्या खोलीत पाण्याने भरलेली वाईनची एक बाटली ठेवा, तिच्या तोंडातून तापमापकाची वायर आत सोडा आणि रोजचं कमाल-किमान लिहून ठेवा. हवेचं तापमान नुसतं धावतं, बाटलीतलं पाणी वाईनला काय सोसावं लागेल ते सांगतं. एक मे महिना आणि एक जुलै एवढ्या नोंदी हातात असल्या की किती जाड फोम आणि केवढं यंत्र, हे तुम्हाला विक्रेत्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.